ऊझच्या काठी, टॅन्सीच्या पानावर

शुक्रवार

यॉर्क स्टेशनातून बाहेर पडून क्वीन स्ट्रीटला लागलं की एका इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर भलामोठा हिरवा भुंगेरा दिसतो. चित्र २०१९ मधलं. चित्रकार ‘एटीएम’ असं नाव लावतो आणि ब्रिटनभर भिंतींवर कमी होत चाललेले पक्षी-प्राणी रंगवत फिरतो. भाचीला पैसे काढायचे होते. तिनं विचारलं, "मामा, इथं एटीएम दिसतंय का कुठं?" मी भिंतीकडं बोट दाखवलं. हा विनोद तिला अजून पटलेला नाही.

यॉर्कला लोक मिन्स्टर हे भव्य कॅथेड्रल बघायला येतात, शहराच्या तटावरून चालतात, रेल्वे म्युझियममध्ये अख्खा दिवस घालवतात. भाची लीड्सला राहते, तिथून यॉर्क रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आत, त्यामुळं तिचं हे सगळं बघून झालेलं. मला बघायचा होता तो भिंतीवरचा प्राणी, पण जिवंत. टॅन्सी भुंगेरा. शास्त्रीय नाव क्रायसोलिना ग्रॅमिनिस, पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातला, लांबी जेमतेम १ सेंटिमीटर. युरोप-आशियात तो इतरत्रही सापडतो, पण ब्रिटनमध्ये त्याचा मोठा ठिकाणा एकच: यॉर्कमधून वाहणाऱ्या ऊझ नदीचा ३०-४० किलोमीटरचा काठ. एके काळी तो देशात बऱ्याच ठिकाणी होता. आता राहिला तो या काठाशी, आणि दक्षिणेला एका पाणथळीत थोडासा. तिथं सोमवारी जायचं ठरलं होतं.

संध्याकाळी पाऊस. नदीकाठच्या किंग्ज स्टेथवर किंग्ज आर्म्स नावाचा पब आहे, तिथं शिरलो. दर पुरात या पबात पाणी येतं आणि दरवेळी तो पुन्हा उघडतो. आत एका फळीवर पुराच्या पातळ्या सालांसकट मांडल्यात. नोव्हेंबर २००० मध्ये नदी नेहमीच्या उन्हाळी पातळीच्या ५.४ मीटर वर चढली होती, तो इथला विक्रम. डिसेंबर २०१५ चा पूर त्याच्या जरा खाली. मी सांगलीचा. आमच्याकडं पावसाळ्यात माणसं एकमेकांना ‘कसा आहेस’च्या आधी ‘आयर्विनला किती फूट?’, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती, असं विचारतात आणि २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. त्यामुळं ही फळी मी तब्येतीनं वाचली. वाचता वाचता प्रश्न पडला की असल्या काठावर, जिथं दर हिवाळ्यात पाणी चढतं, तिथं मातीत झोपणारा एक किडा टिकतो कसा?

शनिवार

सकाळी ढग होते. या भुंगेऱ्याला ऊन लागतं. गार, ओल्या हवेत तो झाडाच्या बुडाशी दडून बसतो, म्हणून आम्ही घाई केली नाही. दहाच्या पुढं म्युझियम गार्डन्सच्या खालून काठ धरला आणि नदीच्या उलट्या दिशेनं, क्लिफ्टन ब्रिजच्या पलीकडं निघालो. पूल ओलांडला की शहर एकदम मागं पडतं. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला क्लिफ्टन इंग्जची सपाट कुरणं. ही कुरणं म्हणजे शहराची पुराची टाकीच. नदी फुगली की पाणी इथं घेतात, म्हणजे तेवढं शहरात कमी जातं. बाकीच्या दिवसांत गाई चरतात. कुरणाला लागून रॉक्लिफ मेडोज आहेत, जुन्या जातींच्या गवत-फुलांसाठी राखलेली.

टॅन्सी शोधावी लागत नाही. कमरेएवढी उंच, फर्नसारखी कातरलेली पानं, वर पिवळ्या बटणांसारख्या फुलांचे सपाट गुच्छ. पान चुरगाळलं तर शेवंतीच्या पाल्यात कापूर मिसळल्यासारखा उग्र वास येतो, आणि वनस्पती शेवंतीच्याच कुळातली आहे. इंग्लंडात पूर्वी ही माश्या-पिसवा पळवायला घरात पसरत, ईस्टरला हिच्या रसाचं गोड पक्वान्न करत. पण ती विषारी आहे, हिच्यातलं थुजोन हे द्रव्य मेंदूला बाधतं. बहुतेक किडे पहिल्या चाव्यातच नाद सोडत असतील. या एका भुंगेऱ्यानं मात्र हीच आपली भाकरी ठरवलीय. जन्मला तिथं तो हेच पान खातो, मोठा झाल्यावरही हेच खातो. फार अडला तर शेजारचा पाणपुदिना किंवा जिप्सीवर्ट चालवून घेतो, आणि या दोन्हीही पाण्याकाठच्याच.

पहिल्या तीन-चार झुडपांवर काहीच नव्हतं. मग भाचीनं हाक मारली, "मामा, ही पानं बघ, कुणीतरी कातरलीयत." पानांच्या कडा वरून खालपर्यंत कुरतडलेल्या, काही ठिकाणी नुसत्या शिरा राहिलेल्या. ढग सरले, ऊन पडलं, आणि पाचेक मिनिटांत झुडूप भरलं. एक वरच्या फुलाजवळ, दोन मधल्या पानांवर, एक देठावरून सावकाश वर चढणारा. चित्रात तो हिरवा आहे. प्रत्यक्षात एक रंग सांगता येत नाही. समोरून पाचूसारखा, किंचित वाकून पाहिलं की पाठीवर तांब्याची झाक, सावलीत गेला की जवळजवळ काळपट. ही चमक रंगद्रव्याची नाही. पाठीवरच्या कवचाचे अतिशय पातळ थर उजेडाचा ठरावीक भाग परत फेकतात, त्यामुळं बघणाऱ्याचा कोन बदलला की रंगही बदलतो. कवचावर बारीक टिंबांची नक्षी असते. ती भिंगातून दिसली.

भाची फोटोसाठी पुढं वाकली, झुडूप हललं आणि त्यातले निम्मे टपटप खाली पडले. उडाला एकही नाही. यांना पंख असतात, पण ते उडत नाहीत म्हणावं इतकं क्वचित उडतात. धोका वाटला की पाय आखडून मातीत पडायचं, आणि सगळं शांत झालं की पुन्हा खोड चढायचं, एवढाच त्यांचा बचाव. आम्ही खाली बसून वाट पाहिली. पहिला वर यायला बराच वेळ लागला.

आम्ही पाहत होतो ती या वर्षीची नवी पिढी. यांचं वर्ष असं जातं: हिवाळाभर जमिनीत काढलेले भुंगेरे एप्रिलच्या सुमारास वर येतात आणि कोवळ्या टॅन्सीवर तुटून पडतात. मे महिना जोड्यांचा. तेव्हा गेलं तर प्रत्येक झुडपावर नर मादीच्या पाठीवर बसलेला दिसतो, आणि मादी त्याला पाठीवर घेऊन खात असते. ती पानांवर लांबट अंडी पुंजक्यानं घालते. अंड्यांतून निघणाऱ्या अळ्यांना आईबापांच्या चमकीचा वारसा नाही. त्या फिकट, गुबगुबीत, वाकड्या पाठीच्या, आणि खाण्यापलीकडं दुसरं काही न करणाऱ्या. पोट भरलं की खोडाच्या बुडाशी मातीत उतरतात, तिथं कोषात जातात आणि जुलै-ऑगस्टमध्ये हे हिरवं सोनं होऊन बाहेर येतात. तोवर जुनी पिढी बहुतेक संपलेली असते. नव्यांनी सप्टेंबरपर्यंत भरपूर खायचं, अंगावर चरबी चढवायची आणि थंडी पडू लागली की पुन्हा मातीत जायचं. या वर्षी अंडी नाहीत, पिल्लं नाहीत. ते सगळं पुढच्या वसंतात.

म्हणजे पूर येतो तेव्हा ते जमिनीतच असतात. कालच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. थंडीत त्यांच्या शरीराचे व्यवहार इतके मंदावलेले असतात की प्राणवायू अगदी थोडा लागतो, आणि पाण्याखाली गेलेल्या मातीतही ते तग धरतात. हिवाळ्यात ऊझ वर चढते, उतरते, गाळ टाकून जाते आणि एप्रिलमध्ये त्याच काठावर भुंगेरे वर येतात. पण जून-जुलैमध्ये पूर आला तर गोष्ट वेगळी. तेव्हा अळ्या पानांवर असतात, नाहीतर कोषात, आणि त्या अवस्थेत नदी दयामाया दाखवत नाही.

नदी नुसती वैरीण नाही, हेही खरं. पाण्याबरोबर वाहून गेलेले काही भुंगेरे खाली कुठंतरी काठाला लागत असणार, आणि गाळानं उघडी पडलेली जमीन टॅन्सीच्या बियांना लागते. पूर पूर्ण थांबवला तर काठावर विलोची झाडी माजते, सावली पडते आणि टॅन्सी मरते.

कुरणाच्या एका कोपऱ्यात तारेच्या कुंपणात टॅन्सी राखलेली होती. बाहेर गाई, आत झुडपं. गाईंना या पाल्याची फारशी आवड नाही, पण कोवळे फुटवे जातात आणि बाकीचं तुडवलं जातं. गंमत म्हणजे गाई अजिबात नसल्या तर उंच गवत आणि झुडपं टॅन्सीला दाबून टाकतात. थोडं चरणं हवं, भलत्या वेळी नको. हा हिशेब जमवणं कुणाही शेतकऱ्याला कठीण जाईल.

रविवार

आज शहराच्या दुसऱ्या बाजूनं, न्यू वॉकनं मिलेनियम ब्रिजपर्यंत. हा चालण्या-सायकलींचा पूल २००१ चा. त्याच्याजवळ, नदीच्या पलीकडच्या काठावर रौनट्री पार्क आहे, चॉकलेटवाल्या रौनट्री कंपनीनं पहिल्या महायुद्धात पडलेल्या कामगारांच्या आठवणीत १९२१ मध्ये शहराला दिलेलं. पार्कात बदकं, लेकुरवाळी माणसं, आइस्क्रीम. तिथं थांबलो नाही.

पुढं काठावर गुलाबी रंग दिसला आणि मी थबकलो. तेरडा! माणसापेक्षा उंच, खोड जाड आणि पाणीदार, फुलं टोपीसारखी, पण तेरडाच. नाव हिमालयन बाल्सम, मूळ हिमालयातलं. १८३९ मध्ये बागेत शोभेसाठी ब्रिटनमध्ये आणलं आणि ते बागेत राहिलं नाही. शेंग पिकली की जरा धक्का लागताच फुटते, बी सहा-सात मीटर उडतं, एका झाडाला शेकड्यांनी बिया, आणि नदीकाठ असेल तर उरलेलं काम नदी करते. आज ब्रिटनमध्ये क्वचितच एखादा नदीकाठ यापासून सुटला असेल.

त्याच दिवशी सांगलीत गौरी यायच्या होत्या. आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिच्या हातात तेरड्याचे डहाळे होते, आणि आमच्या मागं तेरड्याची भिंत. ती म्हणाली, "अगंबाई, केवढा उंच! तिकडं पण गौरी बसवतात का?" भाचीनं आजीला समजावलं की इथले लोक जून-जुलैमध्ये सुट्टीच्या दिवशी जमून हा उपटतात, पुण्यकर्म म्हणून. आई गप्प झाली आणि मग म्हणाली, "उपटू देत, पण आधी पाया पडा म्हणावं."

आपल्याकडं तेरड्याचा रंग तीन दिवस. इथं तो जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत हटत नाही, आणि टॅन्सी भुंगेऱ्याचं दुखणं तेच आहे. वर्षायू असूनही तो इतक्या झपाट्यानं दोन-अडीच मीटर चढतो की खालच्या टॅन्सीला ऊन मिळत नाही. दोन-तीन वर्षांत झुडूप खंगून जातं. हिवाळ्यात तो स्वतः मरतो आणि काठ उघडा टाकतो, मग पुराचं पाणी ती माती घेऊन जातं. मुळं उथळ असल्यानं उपटायला अगदी सोपा, पण बी धरायच्या आत. ऑगस्टच्या शेवटी हात लावणं म्हणजे त्याची पेरणी करून देणं. म्हणून आम्हीही शेंगांना हात न लावता पुढं सरकलो. भाचीनं एक फोडलीच.

पुलाच्या पुढच्या वळणावर एक वयस्कर बाई क्लिपबोर्ड घेऊन झुडपाझुडपाशी थांबत चालल्या होत्या. यॉर्कमध्ये टॅन्सी भुंगेऱ्यासाठी एक कृती गट आहे. त्यात संस्था आहेत, विद्यापीठातली माणसं आहेत आणि अशा स्वयंसेवकही. उन्हाळ्याच्या अखेरीस ते दोन्ही काठ पायी चालून प्रत्येक झुडूप आणि त्यावरचे भुंगेरे मोजतात. बाईंनी आम्हाला त्यांची युक्ती सांगितली: झुडपावर आपली सावली पडू द्यायची नाही, आणि आधी वरून मोजायचं, मगच पानं बाजूला करायची.

मोजणीचं महत्त्व कळायला यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांचं काम माहीत हवं. त्यांनी भुंगेऱ्यांच्या पाठीवर खुणा करून त्यांचा माग काढला. निघालं असं की भुंगेरा झुडपाच्या कडेला पोहोचला की बहुतेक वेळा परत फिरतो. मधलं गवत त्याला नको असतं. खाणं संपलं किंवा झुडूप मेलं तर चालत निघतो, पण त्याची मजल थोडी, आणि २००-३०० मीटरवर दुसरी टॅन्सी असली तरी ती गाठेलच याची खात्री नाही. न उडणाऱ्या प्राण्यासाठी दोन झुडपांमधलं अंतर हेच जगणं-मरणं. म्हणून एखादं झुडूप गेलं याची नोंद त्या क्लिपबोर्डावर होते, आणि पुढच्या वर्षी मधल्या मोकळ्या जागेत कुणीतरी टॅन्सीची रोपं लावतं. कायद्यात हा भुंगेरा २००६ च्या एका अधिनियमाखाली इंग्लंडमधल्या अग्रक्रमाच्या जीवांच्या यादीत आहे. मला विचाराल तर यादीपेक्षा ही रोपं लावणारी माणसं जास्त कामाची.

त्याच्या देखणेपणाचा त्याला फायदा झालाय, यात शंका नाही. याच काठावर करड्या-तपकिरी रंगाचे कितीतरी किडे असतील ज्यांच्यासाठी कुणी भिंत रंगवणार नाही. व्हिक्टोरियन काळात बायका याची चमकती कवचं कपड्यांवर टिकल्यांसारखी लावत, अशी एक कथा यॉर्कमध्ये सांगतात. मला ती जरा ओढूनताणून वाटते. कवच एवढंसं, झगा भरायला किती लागतील! किड्यांच्या कवचांचं भरतकाम त्या काळी लंडनमध्ये फॅशनला होतं हे मात्र पक्कं. १८८८ मध्ये एलन टेरी या नटीनं लेडी मॅक्बेथच्या भूमिकेत घातलेला झगा अशाच हिरव्या कवचांनी मढवलेला होता. अशी कवचं आणि त्यांचं भरतकाम केलेली मलमल हिंदुस्थानातून जायची, पण ती कवचं वेगळ्या कुळातल्या, याच्यापेक्षा कितीतरी मोठ्या भुंगेऱ्यांची.

दुपारी पुन्हा पाऊस. हॉटेलवर परतून मोदक खाल्ले. भाचीनं लीड्सहून डब्यात आणले होते.

सोमवार

सकाळी गाडी भाड्यानं घेऊन दक्षिणेला, केंब्रिजशरमधल्या वुडवॉल्टन फेनकडं. रस्ता लांब आणि सांगण्यासारखा नाही, सपाट शेतं आणि लॉऱ्या.

फेन म्हणजे इथली पाणथळ दलदल. एके काळी हा सगळा मुलूख असाच होता. गेल्या तीन-चार शतकांत चर खणून, पाणी उपसून त्याची शेती केली आणि जुन्या फेनचे नुसते तुकडे राहिले. वुडवॉल्टन हा त्यातला एक. १९१० मध्ये चार्ल्स रॉथशिल्ड या बँकर-कीटकप्रेमी माणसानं तो विकत घेतला, केवळ त्यातले जीव वाचावेत म्हणून. पिसवांवरच्या अभ्यासासाठी त्याचं नाव आजही घेतात, आणि प्लेगच्या पिसवेला शास्त्रीय नाव देणारा तोच. ज्या पिसवेनं १८९६ नंतर मुंबई-पुण्यात हाहाकार माजवला तिचं नाव ठेवणाऱ्याच्या फेनमध्ये आपण हिरवा भुंगेरा शोधतोय, हे मला जरा गमतीचं वाटलं. त्याचा गवती छपराचा बंगला दलदलीत खांबांवर अजून उभा आहे.

ब्रिटनच्या यादीतून फेनमधला टॅन्सी भुंगेरा जवळजवळ खोडला गेला होता. २०१४ मध्ये तो इथं पुन्हा सापडला. यॉर्कचाच भुंगेरा, पण दोन्हींच्या मध्ये शंभरहून जास्त मैलांचा रस्ता, आणि इतकं अंतर हा प्राणी चालून आलेला नाही, हे उघड आहे. हे इथलेच, जुन्या फेनमधून उरलेले. इथं शोधायचा तो टॅन्सीपेक्षा पाणपुदिन्यावर.

बूट घोट्याच्या वर रुतत होते. पाणपुदिना सगळीकडं, पाय पडला की वास, फिकट जांभळी फुलं, त्यांवर मधमाश्या. दोन तास पानं उलटून पाहिली. हिरवे बरेच किडे दिसले, त्यातला एक चमकणाराही होता आणि माझं काळीज लकाकलं, पण भिंगाखाली तो पुदिन्यावरचाच दुसरा एक पानभुंगेरा निघाला. याचाच चुलतभाऊ. पुदिन्यावर राहणारा, बऱ्यापैकी सर्वत्र सापडणारा, म्हणून त्याच्या नावाचं चित्र कुठल्या भिंतीवर नाही. भाची म्हणाली, "मामा, हाच तो म्हणून फोटो टाकू, कोण तपासतंय?" शेजारून जाणाऱ्या एका फुलपाखरूवाल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, इथं तो दिसला तर नशीब, यॉर्कला जा.

कुणाला जायचं असेल तर मे महिन्याचा दुसरा पंधरवडा धरावा, किंवा ऑगस्टचा शेवट. सकाळी अकरानंतर, ऊन असेल तेव्हा, क्लिफ्टन ब्रिजपासून वरच्या बाजूला. झुडूप हलवू नये, भुंगेरा हातावर घेऊ नये, टॅन्सीचं पान तोंडात घालू नये. फेनला जाणार असाल तर गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि डासांचं मलम न्यावं. माझ्याकडं दोन्ही नव्हतं. भाचीकडं दोन्ही होतं, आणि लीड्सला पोहोचेपर्यंत ती ते सांगत होती.